बाइकचं इंजिन सारखं तापतं? ऑइल कूलर बसवण्याआधी आणि बसवल्यावर काय तपासायचं

एप्रिल लागला की परभणीत आमच्या गॅरेजवर एकच तक्रार घेऊन गाड्या येऊ लागतात. सकाळी ठीक चालते, दुपारी तीस-चाळीस किलोमीटर झाले की ओढ कमी होते, न्यूट्रल लागत नाही, टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे भाग) वाजायला लागतात, चढावर खडखड येते. अर्धा तास लिंबाखाली उभी केली की पुन्हा नीट. ऑइल बदललं की काही दिवस बरं वाटतं आणि मग परत तेच. हल्ली या तक्रारीला जोडूनच दुसरं वाक्य येतं: “ऑइल कूलर बसवून द्या.”

कूलर म्हणजे इंजिनचं ऑइल पाइपने बाहेर आणून, वाऱ्यावर थंड करून परत पाठवणारा छोटा रेडिएटर. त्याला माझा विरोध नाही. पल्सर २२०, आता बंद झालेली हिमालयन ४११, एनफिल्डच्या ६५० सीसीच्या दोन सिलिंडरवाल्या गाड्या कारखान्यातूनच कूलर घेऊन आलेल्या आणि उन्हाळ्यात त्याचा उपयोग दिसतो. पण तिथं ऑइल पंप, ऑइलच्या वाटा, ऑइलचं एकूण माप, सगळं कूलर धरून आखलेलं असतं. आपण बाहेरून किट आणून जोडतो तेव्हा आतलं काहीच बदललेलं नसतं. शिवाय माझ्याकडे येणाऱ्या तापणाऱ्या गाड्यांपैकी बहुतेकांना कूलरची गरजच नसते. दुसरंच काहीतरी बिघडलेलं असतं आणि कूलर लावला की ते झाकलं जातं. पुढच्या उन्हाळ्यात तीच गाडी जळालेला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह (जळालेला गॅस बाहेर सोडणारी झडप) घेऊन येते. म्हणून आधी तपासणीचं सविस्तर सांगतो, मग बसवण्याचं.

खरंच तापतंय का, ते मोजा

एअर कूल्ड (वाऱ्यानेच थंड होणारं) इंजिन हात लावण्याइतकं थंड कधीच नसतं. फिनवर (सिलिंडरभोवतीच्या पात्यांवर) टाकलेला पाण्याचा थेंब चर्र करून उडाला म्हणून इंजिन जादा तापलं असं ठरत नाही. पाणी १०० अंशांना उकळतं आणि हेडचं, म्हणजे सिलिंडरच्या वरच्या भागाचं, तापमान त्याच्या बरंच वर असणं हे नेहमीचंच आहे. बघायचं ते इंजिनच्या खालच्या चेंबरमधल्या ऑइलचं तापमान. चालत्या गाडीत ते ९० ते ११० अंश सेल्सिअस असेल तर उत्तम. भर उन्हात १२० पर्यंत गेलं तरी चांगलं ऑइल ते सोसतं. सारखं १३० च्या वर राहत असेल तर मात्र ऑइल फार पातळ होतं, लवकर काळं पडतं, आणि वर सांगितलेली लक्षणं एकामागून एक सुरू होतात.

मोजायला महागडं काही लागत नाही. के टाइप थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) लागणारा मल्टिमीटर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतो. त्याचं टोक ड्रेन बोल्टच्या (ऑइल काढायच्या बोल्टच्या) डोक्याला टेकवून वरून उष्णता सोसणारी टेप गुंडाळायची. बोल्ट बाहेरच्या वाऱ्यात असतो, त्यामुळे आतलं ऑइल दिसणाऱ्या आकड्यापेक्षा थोडं गरमच असतं हे धरून चालायचं. प्लगच्या वॉशरच्या जागी बसणारा सेन्सर मिळाला तर हेडचाही आकडा कळतो. लाल ठिपका टाकून लांबून मोजणारी गन वापरत असाल तर चकचकीत ॲल्युमिनियमवर ती खूप कमी तापमान दाखवते, हे ध्यानात ठेवा. केसिंगवर रुपयाएवढ्या जागेत मॅट काळा रंग मारा आणि दर वेळी तिथंच मोजा.

रस्ता, वेळ आणि वजन दर वेळी तेच हवं. एक दिवस सकाळी आठला एकट्याने चालवून मोजलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला डबलसीट, तर त्या दोन आकड्यांची तुलना करून काही कळत नाही. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४३-४४ वर जातो आणि डांबराची झळ त्याहून वेगळी. त्यामुळे हवेचं तापमानही शेजारी लिहून ठेवा.

कूलर न लावता सुटलेली गाडी

जिंतूर रोडवरच्या एका गावाहून रोज दूध घेऊन येणारे एक काका आहेत. १५० सीसीची कार्ब्युरेटरवाली गाडी, दोन्ही बाजूंना कॅन, गावापासून फाट्यापर्यंत कच्चा रस्ता, पहिल्या-दुसऱ्या गिअरचंच काम. “मिस्त्री, गाडी लई तापायली. तेवढा कूलर बसवून टाका,” म्हणत आले. “बसवू काका, पण आज गाडी ठेवून जा. सकाळचं दूध पोराच्या गाडीवर आणा,” असं सांगून गाडी रात्रभर ठेवून घेतली. कारण टॅपेट बघायचे तर इंजिन पूर्ण थंड पाहिजे.

आधी मेन स्टँडवर घेऊन न्यूट्रलमध्ये मागचं चाक हाताने फिरवलं. अर्धा फेराही नीट झाला नाही. ब्रेकचा कॅम ग्रीसविना कोरडा पडून अडकत होता आणि शू ड्रमला घासत होते. गाडी सतत थोडा ब्रेक लागलेल्या अवस्थेत पळत होती आणि तेवढं जादा काम इंजिनवर पडत होतं. तापणाऱ्या गाडीत ही तपासणी सगळ्यात आधी करावी. चाक फिरवायला पैसे लागत नाहीत.

सकाळी टॅपेट कव्हर उघडलं. एक्झॉस्टच्या बाजूला फीलर गेजमधली ०.०५ मिलिमीटरची बारीक पट्टीसुद्धा आत जाईना. हे मी फार गाड्यांत बघतो आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. गिऱ्हाईक म्हणतं “टॅपेट वाजतात”, कारागीर आवाज बंद होईस्तोवर स्क्रू आवळून देतो, गिऱ्हाईक खूश होऊन जातं. पण एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली बहुतेक उष्णता सीटवर टेकल्यावरच हेडला देत असतो. गॅप उरला नाही की इंजिन तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, जळता गॅस फटीतून निसटतो, व्हॉल्व्ह आणि हेड दोन्ही तापतात. टॅपेटचा हलका टकटक आवाज हा तब्येतीचा आवाज आहे. गॅप किती ठेवायचा ते गाडीच्या पुस्तकात असतं, कानावर ठरवू नये.

तिसरं कारण फिनमध्ये होतं. शेतातल्या वाटेची काळी माती पावसाळ्यात पुढच्या चाकावरून उडून सिलिंडरच्या खालच्या फिनमध्ये बसली होती आणि इंजिनच्या उष्णतेने भाजून विटेसारखी झाली होती. वरून काळपट रंगामुळे ती दिसतही नव्हती. प्लास्टिकच्या पातळ पट्टीने आणि जुन्या टूथब्रशने एकेक फट मोकळी केली तेव्हा खाली मूठभर माती पडली. अशा फिनमधून वारा जाणार कसा?

ब्रेक, टॅपेट, फिन, आणि पुस्तकात सांगितलेल्या ग्रेडचं ताजं ऑइल. त्याच वजनाने, त्याच रस्त्याने दुपारी मोजलं तर ऑइल ११५ च्या आत राहिलं. काकांना कूलर लागलाच नाही.

मिक्श्चर, पेट्रोल आणि बाकीची कारणं

कार्ब्युरेटरच्या गाड्यांत, म्हणजे ढोबळमानाने एप्रिल २०२० च्या आधीच्या, आता आणखी एक कारण वाढलंय. पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल आपल्या लातूर-धाराशिव-बीडच्या उसाच्या पट्ट्यातूनही येतं, त्याबद्दल आनंदच आहे. पण त्याच्या रेणूत ऑक्सिजन असतो. शुद्ध पेट्रोलला पूर्ण जळायला एका भागाला १४.७ भाग हवा लागते, २० टक्के इथेनॉलवाल्याला साधारण १३.५. कार्ब्युरेटरमधला जुना जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) मात्र पूर्वीच्याच मापाने पेट्रोल सोडतो. परिणामी मिक्श्चर हिशेबाने सात-आठ टक्के लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) होतं. आधीच काठावर लीन असलेली गाडी उन्हाळ्यात त्याने तापते, चढावर ओढत नाही, ॲक्सिलरेटर सोडला की सायलेन्सरमध्ये फटफट करते. मेन जेट एक नंबर मोठा, फ्लोटची उंची आणि पायलट स्क्रू नीट, एवढ्याने फरक पडतो. इथेनॉलमुळे नॉकिंग (इंजिनची खडखड) कमी होतं, हेही खरं. त्यामुळे या पेट्रोलवरसुद्धा खडखड येत असेल तर ते जास्त गांभीर्याने घ्या. इंजेक्शनच्या गाड्यांत ऑक्सिजन सेन्सर मिक्श्चर आपलं आपण जुळवतो, तिथं जेटचा प्रश्न नाही.

लीन होण्याचं दुसरं नेहमीचं ठिकाण म्हणजे कार्ब्युरेटर आणि हेडमधला मॅनिफोल्डचा रबर. आपल्या उन्हात तो तडकतो. इंजिन थंड असतानाच गाडी सुरू करून, आयडलवर ठेवून रबराभोवती कार्ब क्लीनरचा किंचित फवारा मारा. आरपीएम बदलला तर तिथून हवा शिरतेय. फवारा पेटतो, त्यामुळे बेंड पाइप (सायलेन्सरचा पुढचा पाइप) तापलेला असताना किंवा आसपास ठिणगी असताना हे करू नका. प्लग पांढराफटक निघत असेल तरी लीनचाच संशय घ्यावा, फक्त नव्या पेट्रोलवर प्लग एरवीही थोडा फिकट दिसतो.

ऑइलचं थोडक्यात. ग्रेडमधला दुसरा आकडा गरम अवस्थेतला दाटपणा सांगतो. ज्या इंजिनला कंपनीने १५डब्ल्यू५० सांगितलंय त्यात १०डब्ल्यू३० टाकून तापतं म्हणायचं नाही. डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (बाइकच्या क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण) लिहिलेलं बघा, कारचं ऑइल टाकलं तर क्लच घसरतो आणि घसरणारा क्लचसुद्धा ऑइलच तापवतो. लेव्हल दर आठवड्याला बघा. जुनी गाडी ऑइल पीत असेल तर कमी उरलेलं ऑइल जास्त तापतं. चोक झालेला सायलेन्सर, फार आवळलेली चेन, पुढच्या डिस्कचा अडकलेला पिस्टन, हेही बघून घ्या. आणि लेग गार्डला जोडलेला तो मोठा पत्रा किंवा पावसाळ्यासाठी लावलेलं रेक्झिनचं कव्हर मार्चमध्ये काढून टाका. सिलिंडरवर येणारा वारा त्यानेच अडतो.

मग कूलर कुणाला लावायचा

वरचं सगळं नीट असूनही ऑइल सतत १३० च्या वर जात असेल, तर कूलरचा विचार रास्त आहे. भरपूर सामान घेऊन दुपारीच हायवेवर लांब पळणारी ३५० ची बुलेट, डबलसीट कन्नडचा किंवा मांजरसुंब्याचा घाट नेहमी चढणारी १५०-२०० सीसीची गाडी, बोअर वाढवलेलं इंजिन, अशांना तो उपयोगी पडतो. १०० सीसीच्या गाड्यांना लावू नका. त्यांत लिटरभर ऑइल, छोटा पंप, आणि बऱ्याच गाड्यांत वेगळा फिल्टरही नसतो. सुरक्षितपणे ऑइल बाहेर काढून परत आणायला जागाच नसते.

अपेक्षा किती ठेवायची तेही आधी समजून घ्या. कूलर किती उष्णता टाकू शकतो ते ऑइल आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. ११० अंशांचं ऑइल आणि हिवाळ्यातली १५ अंशांची हवा, फरक ९५. तेच ऑइल आणि मे महिन्यातली ४४ अंशांची हवा, फरक ६६. तोच कूलर, तोच वेग, पण काम तीस टक्क्यांनी कमी. थंड भागात एखाद्याने दाखवलेला फरक परभणीच्या दुपारी तेवढाच मिळेल असं धरू नका. आणि गाडी उभी असताना, गंगाखेडच्या रस्त्याला उसाच्या ट्रॉल्यांमागे रांगत असताना, पंखा नसलेला कूलर जवळजवळ काहीच करत नाही. तुमची गाडी फक्त शहरात सिग्नलवरच तापत असेल तर त्या पैशात दुसरं काही करा.

गाडी वॉरंटीत असेल तर थांबा. ऑइलच्या वाटेला हात लावला की इंजिनच्या वॉरंटीवर पाणी सोडावं लागतं.

ऑइल कुठून घ्यायचं

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे, कारण इंजिन जाम होतं ते इथल्या चुकीने. हेडकडे, रॉकरकडे (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागाकडे) जाणारा ऑइलचा पाइप तोडून त्यात कूलर बसवायचा नाही. जुन्या बुलेटला हे पाइप बाहेरूनच दिसतात, त्यामुळे तिथं जोडणं फार सोपं वाटतं. पण त्या वाटेने थोडंच ऑइल जातं. कूलरमध्ये जरा कचरा अडकला किंवा पाइप दुमडला, तर हेड कोरडं पडून रॉकर, आणि कॅम हेडमध्ये असेल तर तोही, खाल्ले जातात. वरून तर गाडी छान थंड दिसत असते.

योग्य जागा फिल्टरची. त्या मॉडेलसाठी बनवलेलं ॲडॅप्टर कव्हर घ्या, ज्यात फिल्टरमधून गाळलेलं ऑइल कूलरला जाऊन मग इंजिनच्या वाटेला लागतं. ॲडॅप्टरमध्ये बायपास असेल तर फार चांगलं. कूलर तुंबला तरी ऑइल थेट इंजिनला जात राहतं. साधारण ८० अंशांच्या आसपास उघडणारा थर्मोस्टॅट असलेला ॲडॅप्टर मिळाला तर तोच घ्या, त्याचं कारण पुढे येतं. पाइपचं आणि फिटिंगचं आतलं भोक मूळ वाटेपेक्षा बारीक असू नये. बँजो बोल्टची (ज्याच्या आतून ऑइल जातं त्या पोकळ बोल्टची) भोकं खास तपासा, स्वस्त किटमध्ये ती बारीक असतात.

जुना पल्सर २२० चा कूलर भंगारातून घेणारे पुष्कळ आहेत. चालेल, पण तो कुठल्या इंजिनातून निघाला ते आपल्याला माहीत नसतं. आधीचं इंजिन जाम झालेलं असेल तर धातूचा कीस त्याच्या नळ्यांत बसलेला असतो. दोन्ही बाजूंनी आलटून-पालटून रॉकेल किंवा डिझेल फिरवा, हवेने फुंका, पांढऱ्या कापडावर बघा. चकाकणारा एक कण जरी दिसला तरी पुन्हा धुवा. धुऊनही कण येतच राहिले तर तो कूलर वापरू नका.

पाइपसाठी आपल्याकडे सोय आहे. बहुतेक तालुक्यांना ट्रॅक्टरच्या हायड्रोलिक पाइपला एंड दाबून देणारे दुकान असतं, ते तुमच्या मापाचा पाइप बनवून देतात. दाबाची काळजी नाही, हायड्रोलिकचा दाब इंजिनच्या ऑइलपेक्षा कितीतरी जास्त असतो. काळजी तापमानाची. नेहमीचा हायड्रोलिक पाइप १०० अंशांपर्यंतचाच असतो आणि आपलं ऑइल त्याच्या वर जाणार. म्हणून दुकानदाराला जास्त तापमानाचा पाइप स्पष्ट सांगून मागा आणि पाइपवरचं छापील बघून घ्या. पेट्रोलची नळी, गॅसची नळी, कंप्रेसरची नळी, वरून क्लिप आवळून, असं काही करू नका. स्टीलची जाळी असलेला पाइप फ्रेमला घासला तर रंग आणि धातू दोन्ही काढतो, तिथं सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवा.

बसवताना

कूलर फ्रेमच्या पुढच्या नळ्यांवर, रबर बुश घालून. घट्ट पत्र्याला थेट बोल्ट केला तर इंजिनच्या थरथरीने कूलरचे कान तुटतात. सिलिंडर हेडच्या अगदी समोर, वारा अडवून बसवू नका. मागे दोन-तीन इंच मोकळी जागा ठेवा, वारा आत शिरतो तसा बाहेरही पडला पाहिजे. पाइपची तोंडं शक्यतो वर ठेवा, म्हणजे गाडी उभी असताना कूलर रिकामा होत नाही. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून आणि पुढचा ब्रेक धरून फोर्क पूर्ण दाबून बघा, मडगार्ड किंवा चाक कुठे लागतं का. पुढच्या चाकाची खडी थेट कूलरवर येते, म्हणून समोर बारीक तारेची जाळी लावा.

तांब्याचे वॉशर नवे घ्या. बँजो बोल्ट ॲल्युमिनियममध्ये जातो, ताकदीने आवळू नका.

कूलर आणि पाइपमध्ये जादा ऑइल मावतं. आधी नेहमीच्या मापाने भरा, पाचेक मिनिटं आयडलवर चालवा, बंद करून थांबा, मग लेव्हल बघून कमी पडलेलं टाका. त्यानंतर लगेच टॅपेट कव्हर उघडून आयडलवर रॉकरपर्यंत ऑइल येतंय का ते डोळ्यांनी बघा. येत नसेल तर इंजिन त्याच क्षणी बंद. हे बघितल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढायची नाही.

बसवल्यावरच्या अडचणी

पूर्ण गरम गाडीवर कूलरच्या दोन्ही तोंडांचं तापमान मोजा. येणारा पाइप गरम आणि जाणारा थोडा कमी गरम, हे बरोबर. दोन्ही अगदी सारखे गरम, तर ऑइल वाहतंय पण वारा मिळत नाही, जागा बदला किंवा जाळीतला कचरा काढा. जाणारा पाइप हवेइतकाच गार, तर कूलरमधून ऑइल वाहतच नाही. थर्मोस्टॅट बंद राहतोय किंवा वाट तुंबलीय. ऑइल थंड झालं पण हेडचा आकडा तेवढाच राहिला, तर वरच्या तपासणीत काहीतरी सुटलंय, मिक्श्चर आणि टॅपेटकडे परत जा.

सकाळी पहिल्या स्टार्टला टॅपेट आधीपेक्षा जास्त वेळ वाजत असतील तर रात्रीतून कूलर रिकामा होतोय. तोंडं खाली आहेत का बघा.

डिसेंबरात ऑइलच्या झाकणाखाली पांढरट साय धरली तर ऑइल पुरेसं गरम होत नाहीये. इंजिनात साचणारं पाणी आणि पेट्रोलचा अंश उडून जायला ऑइल ८०-९० च्या वर जावंच लागतं. थर्मोस्टॅट असेल तर हा त्रास सहसा होत नाही. नसेल तर दिवाळीनंतर कूलरसमोर ॲल्युमिनियमची पट्टी लावून अर्धा झाका आणि संक्रांत झाली की ऊन बघून काढा.

गळतीकडे दुर्लक्ष नको. कूलरमधून थेंब थेंब गळणारं ऑइल वाऱ्याने मागे उडतं आणि मागच्या टायरवर बसतं. वळणावर गाडी घसरायला तेवढं पुरतं. पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर प्रत्येक जोड कोरड्या कापडाने पुसून बघा, ओल दिसली तर वॉशर बदला. धुताना वॉशिंग सेंटरवाल्याला जोराच्या पाण्याचा फवारा कूलरवर मारू देऊ नका, पाती वाकतात आणि वारा बंद होतो. साधं पाणी, मऊ ब्रश, आणि तेही इंजिन पूर्ण थंड झाल्यावर.